फुटले, शक्य, खरे

आमच्या आटगावात केबलचे जाळे पोहोचले तेव्हा बहुतेक घरांत सासू-सुनांच्या मालिका सुरू झाल्या. आमच्या घरी मात्र रिमोटचा ताबा पुतण्याकडे होता आणि तो मगरिबनंतर डिस्कव्हरी लावून बसे. तिथे हिंदीत बोलणारे दोन गोरे दिसत. एक टोपीवाला, जाड मिशांचा, अबोल. दुसरा चष्मेवाला आणि अखंड बडबड्या. जेमी हायनेमन आणि अ‍ॅडम सॅव्हेज. सिनेमासाठी नकली स्फोट, यंत्रे, बाहुले बनवणे हा दोघांचा मूळ धंदा. शास्त्रज्ञ म्हणून त्यांच्यापाशी कुठली पदवी नव्हती. जानेवारी २००३ मध्ये सुरू झालेला त्यांचा 'मिथबस्टर्स' हा कार्यक्रम मूळ स्वरूपात २०१६ पर्यंत चालला. लोकांच्या तोंडी असलेली एखादी गोष्ट घ्यायची, ती खरोखर घडते का ते कारखान्यात करून पाहायचे आणि शेवटी शिक्का मारायचा. शिक्के तीनच. आमच्या पुतण्याने त्यांचे मराठी केले होते : फुटले, शक्य, खरे.

आम्ही आधी कपाळाला आठ्या घालून आणि मग त्याच्याइतक्याच आवडीने तो कार्यक्रम पाहू लागलो. एकदा त्यांनी बंद पेटीत पेट्रोलची वाफ भरली आणि आत ठेवलेला मोबाइल वाजवला. काही झाले नाही. पंपावर भडका उडतो तो बहुधा कपड्यांच्या घर्षणातून साठलेल्या स्थिर विजेच्या ठिणगीने, मोबाइलमुळे नव्हे, असे त्यांनी दाखवले. नाशिक हायवेवरच्या पंपावर मोबाइल बंद ठेवण्याची पाटी होती. पुतण्या प्रत्येक वेळी तिच्याकडे पाहून हसे, आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसायचो.

या हसण्यात नेमके काय होते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आपल्याला काहीतरी कळले आहे आणि पाटी लावणाऱ्याला ते कळलेले नाही, ही त्यातली मुख्य गोडी. ज्ञानाची गोडी तिच्या मागून येते, कधी येतही नाही. शिवाय त्या कार्यक्रमातल्या बहुतेक समजुती अशा होत्या की त्या फुटल्याने कुणाचे काही जात नव्हते. उंच इमारतीवरून टाकलेले नाणे खाली चालणाऱ्याचा जीव घेते का? नाही घेत. बरे झाले. त्या नाण्यावर कुणाची श्रद्धा नव्हती, कुणाची रोजीरोटी नव्हती, कुणाचे मेलेले माणूस त्यात गुंतलेले नव्हते.

आमच्या इकडचे तसे नाही. शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची टाकी. तानसा धरण आमच्यापासून जवळ, भातसा आणि मोडकसागरही याच मुलखात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. आणि मार्च उलटला की इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. अशा ठिकाणी जमिनीत पाणी कुठे आहे हे सांगणारा माणूस किती मोठा, ते शहरातल्या वाचकाला सांगून कळणार नाही. त्याला आम्ही पाणाड्या म्हणतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो. खाली पाणी असले की नारळ उभा राहतो.

आमच्या वाडीत अब्बांनी दोन बोअर मारल्या, दोन्ही शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या पाणाड्याच्या सांगण्यावरून. पहिलीत दोनशे ऐंशी फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला. दुसरीला एकशे नव्वदवर पाणी लागले. पहिलीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. दुसरीची गोष्ट अब्बा प्रत्येक पाहुण्याला सांगत. म्हातारबाबा पैसे घेत नसत. नारळ आणि चहा, बस्स.

पुतण्या चौदा वर्षांचा असताना बाबा असेच एकदा आले होते. पुतण्याने त्यांना विनंती केली की नारळ घेऊन आमच्या वाडीत चालून दाखवा. ते चालले. आंब्याखाली नारळ उभा राहिला. मग पुतण्याने त्यांच्या डोळ्यांना टॉवेल बांधला, त्यांना दोनदा गोल फिरवले आणि म्हणाला, आता पुन्हा. असे सहा वेळा केले. सहा वेळा सहा वेगळ्या जागा निघाल्या, कुठलीही दुसरीपासून दहा पावलांच्या आत नव्हती. प्रत्येक जागी त्याने खुंटी ठोकली होती. टॉवेल सोडल्यावर बाबांनी त्या खुंट्या पाहिल्या. पुतण्या टाळी वाजवून ओरडला, "फुटले!" आम्ही ओसरीवर उभे होतो. आम्हीही हसलो.

बाबा म्हणाले, "पोरा, तू म्हणतो तसं असंल. पण पाणी नाय लागलं का लोकं मला शिव्या देतात, लागलं का देवाला नारळ फोडतात. मला काय मिळतंय यातून?" आणि चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी अब्बा जेवले नाहीत. पुतण्याची चाचणी चुकीची होती असे त्यांचेही म्हणणे नव्हते. ते एवढेच म्हणाले, "घरी आलेल्या माणसाचे डोळे बांधून त्याला फिरवता?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाड्यावर जाऊन आले. बाबा त्यानंतरही रस्त्यात भेटत, सलामाला हात वर करत, पण वाडीत पाऊल टाकले नाही.

आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. पुतण्याची चाचणी चांगली होती. खरे तर त्या टीव्हीवरच्या कित्येक चाचण्यांहून चांगली. जांभई संसर्गजन्य असते का हे पाहायला त्या लोकांनी पन्नास माणसे घेतली होती. समोर जांभई दिलेल्यांपैकी शेकडा २९ जणांनी जांभई दिली, न दिलेल्यांपैकी शेकडा २५ जणांनी. आणि तेवढ्यावर त्यांनी 'खरे' हा शिक्का मारला. पन्नास माणसांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कार्यक्रमाला तास संपताना शिक्का हवा असतो, त्याला ते तरी काय करणार. तरी त्यांची एक गोष्ट आम्हाला फार आवडे. प्रेक्षकांनी पत्रे लिहून चुका काढल्या की ते जुन्या चाचण्या पुन्हा करत, आणि निकाल उलटला तर तसे कॅमेऱ्यासमोर सांगत. आर्किमिडीजने आरशांनी जहाजे जाळली ही दंतकथा त्यांनी तीनदा तपासली, तिसऱ्यांदा तर २०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सांगण्यावरून. जहाज काही पेटले नाही.

पाणाड्याकडे परत येऊ. आमच्या भागात खाली काळा पाषाण. त्याच्यावरच्या मुरुमात आणि पाषाणाच्या भेगांत पाणी साठते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बोअर मारली तर थोडेफार पाणी लागतेच, नारळ उभा राहो वा न राहो. पाणाड्या खरा की खोटा हे ठरवायचे तर त्याने 'इथे नाही' म्हटलेल्या जागीही तितक्याच बोअर मारल्या पाहिजेत. त्या कोण मारणार? एका बोअरला शेतकऱ्याच्या हंगामाची कमाई जाते. टीव्हीवरच्या मंडळींना एखादी गाडी उडवून देणे परवडते. आमच्या माणसाला चूक परवडत नाही, म्हणून तो चाचणीही करू शकत नाही. मग तो नारळावर भरवसा ठेवतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा माणूस कधी येईल ते माहीत नाही, बाबा मात्र बोलावल्या दिवशी येतात. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. आणि त्याला ज्ञान म्हणणेही जमत नाही, कारण त्या सहा खुंट्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

दुसऱ्याची समजूत फुटताना पाहणे किती सुखाचे असते, हे आपण मुसलमानांनी २१ सप्टेंबर १९९५ रोजी अनुभवले. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी त्याच दिवसांत रंगीत दूध वापरून दाखवले. आपल्या मोहल्ल्यांतून त्यावर किती विनोद झाले ते आठवून पाहावे. मग ऑगस्ट २००६ उजाडला. १८ तारखेला माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि मखदूम अली माहिमींची करामत म्हणून हजारो लोक ते पाणी पिऊ लागले, बाटल्या भरून घरी नेऊ लागले. त्या गर्दीत सगळ्या धर्मांचे लोक होते. पण विनोद करणारे आपले लोक त्या दिवशी गप्प होते. आमच्या घरीही एक बाटली आली होती. भर पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी त्या खाडीत उतरते आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके म्हणून वर राहते, हा उलगडा अवघड नव्हता. पण मिठी नदी अर्ध्या मुंबईची घाण वाहून आणते, हे मुंबईकराला ठाऊक असूनही त्याने ते पाणी लेकराच्या ओठाला लावले. मखदूम साहेब स्वतः कुराणावर भाष्य लिहिणारे विद्वान. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या त्या आलिमाची याद आपण गढूळ पाण्याच्या बाटलीत भरून नेली, याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

आपल्या परंपरेत तपासून पाहण्याला जागाच नव्हती, असे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट नोंदवली आहे. पाचू पाहिला की सापाचे डोळे जातात, असे तेव्हा मोठमोठे लोक लिहीत. बिरुनीने साप आणला, त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांसमोर पाचूंची लड हलवली. असे नऊ महिने, उन्हाळ्यात आणि थंडीत. सापाच्या डोळ्यांना काही झाले नाही. मिथबस्टर्सचा हा पूर्वज गझनीच्या दरबारात होता, हे वाचून छाती फुगवणे सोपे आहे आणि आपल्या सभांतून तेच चालते. पण बिरुनीने जो समज तपासला तो त्याच्याच काळच्या, त्याच्याच जवळच्या लोकांचा होता. त्याच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी किती जण तसा एखादा साप घरी आणतील?

ग्रहणाचेच पाहा. हिजरी १० मध्ये पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. शोकात बुडालेल्या बापाला ही समजूत सुखावून गेली असती. त्यांनी ती तिथल्या तिथे खोडली. कुणाच्या जगण्या-मरण्यामुळे सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असे सांगितले. ही हदीस आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्या घरातल्या गरोदर सुनेला विळी हातात घेऊ दिली नाही, खिडक्या बंद करून बसवले. आम्ही विरोध केला का? नाही. "एका सकाळचा तर प्रश्न" म्हणून वर्तमानपत्र वाचत बसलो.

महाराष्ट्रात हे काम करमणूक म्हणून कधी नव्हते. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे केले. समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लिंबातून रक्त काढून दाखवत, पाणी शिंपडून अग्नी पेटवत आणि लगेच त्यातले रसायन समजावून सांगत. खेळ तोच, टीव्हीवरच्यासारखा. फरक इतकाच की २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. जादूटोणाविरोधी कायदा ज्या सभागृहात वर्षानुवर्षे अडला होता, तिथून तो त्याच वर्षी डिसेंबरात मंजूर झाला. दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडला. आपल्यातही हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी सत्यशोधक हे नाव लावून मंडळ काढले. त्यांच्या मतांशी आपले जमो न जमो, त्यांच्या वाट्याला काय आले ते आपण जाणतो. आपल्याच माणसांत उभे राहून तपासायला लागले की शिक्का आधी तपासणाऱ्यावर बसतो.

आता २०२० कडे येतो, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. टाळेबंदीचे दिवस. आमचे एक चाचा हातगाडीवर फळे विकतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांची गाडी एका वस्तीच्या तोंडाशी अडवली गेली. मुसलमान फळवाला फळांना थुंकी लावतो, असा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. तो व्हिडिओ फेब्रुवारीतला, मध्य प्रदेशातल्या रायसेनचा होता. कोरोनाशी त्याचा संबंध नव्हता. हे पुढे सिद्ध झाले, पण चाचांची पपई त्याच दिवशी सडली. त्याच महिन्यात, १६ तारखेला, शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावी मुले पळवणारे, चोर आले या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना ठेचून मारले, आणि लगेच त्या हत्येचेही बिल आपल्या नावावर फाडण्याचा प्रयत्न झाला. गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही. तबलिगी जमातीच्या परदेशी लोकांना बळीचा बकरा बनवले गेले, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये म्हटले.

त्या महिन्यांत आमच्या घरात एकच वाक्य सारखे ऐकू येई : "अरे, पाठवण्यापूर्वी तपासा तरी!" पुतण्या तेव्हा सव्वीस वर्षांचा, नोकरी सुटून घरी बसलेला. तो त्या व्हिडिओचा उगम शोधून वस्तीतल्या मुलांना पाठवत राही. त्यातले दोघे-तिघे चाचांकडे येऊन माफी मागून गेले. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटला.

वर्षभराने, १ मार्च २०२१ पासून, साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. आमचे मामू भिवंडीला राहत, वय एकसष्ट, साखरेचा त्रास. त्या सुमारास आमच्या खानदानाच्या गटावर एक संदेश फिरत होता : लस घेतल्यावर माणूस दोन वर्षांत मरतो, आणि आपल्या लोकांना मुद्दाम वेगळी लस देतात. ही काही नवी बोली नव्हती. पोलिओच्या डोसाने मुले वांझ होतात हे आपल्या मोहल्ल्यांनी वर्षानुवर्षे ऐकले आणि ऐकवले. त्या अफवेची चाचणी तर आपल्या डोळ्यांदेखत झाली होती. १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाली. तेव्हा ज्यांच्या तोंडात दोन थेंब पडले ती पोरे आता स्वतः आई-बाप झाली आहेत. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. याहून मोठा प्रयोग कुठल्या टीव्हीवाल्याने केला असता? तरी नवी लस आली आणि जुनी अफवा नवे कपडे घालून आली. मालेगाव, भिवंडी सुरुवातीला लसीकरणात मागे राहिले, त्याचे कारण एवढेच नव्हते. हातावरचे पोट असलेल्याला रांगेत दिवस घालवणे परवडत नाही, आणि ज्या सरकारी यंत्रणेने वर्षभर आपल्याकडे संशयाने पाहिले तिच्यावर एका रात्रीत विश्वास बसत नाही. हे सगळे खरे आहे. पण आम्ही त्या कारणांत बसत नव्हतो. आम्हाला पेन्शन आहे, वेळ आहे, बिरुनीचा दाखला पाठ आहे.

तो संदेश मामूंना आम्ही पाठवला. आमचा त्यावर विश्वास नव्हता. अविश्वासही नव्हता. आपल्या बाजूचा वाटत होता, एवढेच. गेल्या वर्षी ज्यांनी आपल्याला छळले त्यांच्याविरुद्ध कुणीतरी काहीतरी म्हणतो आहे, या भावनेपोटी बोटाने ते काम केले. चाचांच्या गाडीचा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या त्या वस्तीतल्या मुलांना यापेक्षा वेगळे काय वाटले असेल?

मामूंनी लस घेतली नाही. एप्रिलच्या अखेरीस ते आजारी पडले आणि मे महिन्यात गेले. त्यांच्या दफनाला आम्ही पाच जण होतो.

चाळीसाव्यानंतर पुतण्याशी एकदा यावर बोलणे झाले. आम्ही त्याला विचारले की मामूंनी मार्चमध्ये लस घेतली असती तर ते वाचले असते का. आम्हाला वाटले तो काहीतरी समजुतीचे बोलेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, एका माणसावरून सांगता येत नाही. लस घेतलेलेही काही गेले, न घेतलेले पुष्कळ वाचले. हजारो लोकांचे आकडे पाहिले तर लसीने मरणे कमी झाले, हे पक्के आहे. मामूंचे विचाराल तर मधला शिक्का." मधला शिक्का म्हणजे शक्य.

आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. त्याने आमचे सांत्वन करायला खोटे सांगितले नाही आणि आमच्यावर सूड घ्यायलाही नाही. ओसरीवरून ओरडणारा चौदा वर्षांचा पोरगा एवढा सांभाळून बोलायला कुठे शिकला, ते आम्हाला ठाऊक नाही. टीव्हीवर शिकला नसावा. कदाचित म्हातारबाबा चहा न घेता निघून गेले त्या दिवसापासून शिकत आला असेल.

मामूंचा फोन मुमानीने आमच्याकडे दिला होता, त्यातले फोटो काढून द्या म्हणून. फोटो काढताना आम्ही तो संदेश पाहिला. वर आमचे नाव, शेजारी तारीख, आणि त्याच्या आधी आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ : "खात्री नाही, माहितीसाठी पाठवतोय." खाली मामूंचा अंगठा आहे.

तो आम्ही पुसला नाही.